कासवाची मान

फोटो स्टुडिओचं एक बरं असतं. गिऱ्हाईक फोटो घेऊन जातं आणि किस्सा काउंटरवरच विसरून जातं. तो न्यायला कोणी परत येत नाही. मग वर्षानुवर्षं तो माल साठत राहतो, आणि माझ्यासारखा माणूस चार मित्र बसले की त्यातलं एकेक काढून पुढं टाकत बसतो.

आमचा स्टुडिओ परभणीत, स्टेशनकडनं येणाऱ्या रस्त्यावर. मालक हमीदभाई. मी गौतम आणि माझा जोडीदार दिगंबर, म्हणजे दिगू, असे दोघं फोटोग्राफर. आम्ही दोघंही पेडगावच्या पलीकडं आडबाजूला असलेल्या एकाच गावचे. तो गावातला, मी बौद्ध वस्तीतला. पण परभणीत आल्यापासून दोघांचे डबे एकाच स्टुलावर उघडायचे.

तेव्हा कुणाचाच पाय एका जागी ठरत नव्हता. विद्यापीठाच्या नावाचा प्रश्न भिजत पडलेला. आज मोर्चा, उद्या बंद, परवा नुसतीच अफवा! शटर अर्धं वर, अर्धं खाली ठेवायची दुकानदारांना सवयच लागली होती. त्यात आमचा दिगू जन्माचाच चुळबुळ्या. चहा उभ्यानं प्यायचा, जेवताना उठून दोनदा रस्ता बघून यायचा.

आणि अशा माणसाच्या हातात तो कॅमेरा पडला!

*

हमीदभाईंचा मेहुणा सौदीला होता. सुट्टीवर आला तो एक कॅमेरा घेऊन. साबणाच्या डबीपेक्षा थोडा मोठा, काळा कुळकुळीत. वर एक बटण. ते दाबलं की झूंऽऽ करून लेन्सची नळी बाहेर यायची आणि समोरचा माणूस जवळ दिसायचा. दुसरीकडं दाबलं की नळी आत, माणूस लांब.

हमीदभाई चष्मा वर करून बघतच राहिले. "अरे, ये तो कछवा है रे! गर्दन निकालता, अंदर लेता!"

झालं. त्या दिवसापासून त्याचं नाव कासव.

दिगू ते कासव घेऊन रस्त्यावरच गेला. पानवाल्याला दाखव, टांगेवाल्याला दाखव, एसटीच्या कंडक्टरला खाली उतरवून दाखव. "बघा, मान काढतंय! बघा, आत घेतंय!" जो येईल तो एकदा बटण दाबून बघायचा. दोन-तीन दिवसांत झूंऽऽचा आवाज झुं झाला, मग नुसताच ट्क् झाला आणि मग काहीच होईना. सेल संपला. तसला सेल परभणीत कुठं मिळणार? हैदराबादहून मागवावा लागणार.

हमीदभाईंनी विचारलं, "रोलमें फोटो कितने हुए?"

"एक बी न्हाई, चाचा," दिगू म्हणाला. "नुसती मान काढली आन् आत घेतली."

बाकड्यावर एक मास्तर पेपर वाचत बसले होते. नामांतराची बातमी होती, मंत्र्यांनी पुन्हा काहीतरी आश्वासन दिलेलं. ते पेपरातून मान न काढता म्हणाले, "मग हा सरकारी कॅमेरा दिसतोय!"

*

वालूरला एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न. मी आमचा जुना जडशीळ कॅमेरा घेऊन पुढं, अगदी भटजींच्या शेजारी. दिगू नवा सेल घातलेलं कासव घेऊन मांडवात पार मागं, खुर्चीवर चढून उभा.

मी ओरडलो, "दिग्या, म्होरं ये की!"

"कशाला गर्दीत घुसू? झूम हाय ना!"

झूम होता, पण एक गोष्ट त्याच्या ध्यानात नव्हती. झूम नवरा-नवरीला डोळ्याजवळ आणतो. फ्लॅशचा उजेड काही त्यांच्यापर्यंत नेत नाही. तो बिचारा आपला तीन-चार ओळींपर्यंत जातो आणि थकून बसतो!

फोटो धुऊन आले. अंतरपाट धरलेला फोटो: मागं काळामिट्ट अंधार, पुढं एक गुलाबी फेटा लख्ख. हार घालताना: अंधार आणि फेटा. अक्षता पडताना: अंधार, फेटा, आणि फेट्यावर अक्षता!

नवरीचे वडील अल्बम बघत बघत लाल व्हायला लागले. "लग्न माझ्या पोरीचं होतं का ह्या फेट्याचं, हो?"

माझ्या कॅमेऱ्यातले फोटो चांगले होते म्हणून आम्ही वाचलो. ते दाखवून मी त्यांना कसंबसं थंड करतोय, तेवढ्यात त्यांच्या खांद्यावरून वाकून बघणारे नवरीचे एक चुलत मामा म्हणाले, "दाजी, तुमी कायबी म्हणा. माझा फेटा काय झकास बांधला होता! मागून मला कधी दिसलाच नसता. ह्यो मला मोठा करून द्या!"

*

एका सरकारी कचेरीत साहेबांचा निरोप समारंभ होता. साहेब म्हणजे आग. कारकुनांनी त्यांच्यासमोर कधी खुर्चीला पाठ टेकवली नव्हती म्हणे. दिगूनं झूम करून साहेबांचा एकट्याचा छान जवळून फोटो घेतला.

आता त्या कॅमेऱ्याची खोड अशी, की आपण बघतो ते भोक वेगळं आणि फोटो घेणारी लेन्स वेगळी. जवळून झूम केला की आपल्याला दिसतं एक आणि येतं भलतंच. फोटोत साहेबांची शाल आली, हार आला, हातातला नारळ आला. मानेच्या वर मात्र काहीच नाही!

फोटो न्यायला हेडक्लार्क आले. मी घाबरत घाबरत पाकीट पुढं केलं. "साहेबांचा मी पण एक काढलाय, तो चांगला आलाय," असं आधीच सांगून टाकलं.

त्यांनी तो बिनडोक्याचा फोटो कितीतरी वेळ बघितला. मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "तुमचा चांगला आलेला साहेबांना द्या. आमाला सगळ्या स्टाफला हाच पाहिजे."

*

राणीसावरगावचा एक जवान फौजेत होता. त्याला आईचा फोटो हवा होता. आम्ही दोघं त्या बाजूला दुसऱ्या कामाला गेलो होतो, तसेच तिच्या घरी गेलो. म्हातारी लुगडं बदलून अंगणात उभी राहिली. दिगूनं कासव डोळ्याला लावलं आणि बटण दाबलं. झूंऽऽ!

म्हातारी दोन पावलं मागं सरली.

दिगूला ती पुन्हा लांब दिसायला लागली. त्यानं आणखी बटण दाबलं. झूंऽऽ! म्हातारी आणखी मागं.

"आजे, हलू नका!"

"मी कुठं हलायलेय? तुझं यंत्रच अंगावर यायलंय की!"

"ते काय करत न्हाई हो!"

"मग त्याला म्हण, हाय तिथंच थांब!"

असं करता करता म्हातारी अंगणातून पार गोठ्याच्या दाराशी गेली. पाठीला म्हैस लागली, तेव्हा कुठं थांबली. दिगूनं घाईघाईनं फोटो घेऊन टाकला. फोटोत म्हातारीचे डोळे मोठ्ठे झालेले आणि तिच्या खांद्यावर म्हशीनं तोंड ठेवलेलं.

पुढं तो जवान सुट्टीवर आला आणि गावी जाताना स्टेशनवरून थेट स्टुडिओत. मिशा, बूट, खांद्यावर पेटी. मी मनात म्हटलं, मेलो!

त्यानं खिशातून तो फोटो काढून काउंटरवर ठेवला. "ह्यो तुमीच काढला ना?"

"हो... पण त्याचं काय झालं..."

"आई थकली, ते मला ठाव होतं," तो म्हणाला. "पण म्हैस किती वाळलीय हो! आन् आईनं निरोपात एका शबदानं कळवलं न्हाई. पेंड कुठं मिळंल इथं?"

*

एकदा अशीच हवा तंग होती. आज काहीतरी होणार, एवढंच सगळे म्हणत होते. काय होणार ते कुणालाच माहीत नव्हतं. दुकानं उघडी, पण शटर अर्धी. दिगूला खाली बसवेना. तो कासव घेऊन स्टुडिओच्या गच्चीवर गेला आणि रस्त्याच्या टोकाकडं बघत उभा राहिला.

थोड्या वेळानं वरून ओरडला, "आलेऽऽ! जमाव यायलाय! हातात काठ्या हायत!"

पुढचं काही विचारू नका. पहिलं शटर आमचंच पडलं. ते बघून शेजारच्याचं, त्याचं बघून समोरच्याचं. धाड धाड धाड करत आवाज पार चौकापर्यंत गेला. चहावाल्यानं पेटता स्टोव्ह उचलून आत नेला. एक बाई भाजीची पाटी टाकून आमच्याच दुकानात घुसली. रस्त्यावर एक कुत्रं सोडून कुणी राहिलं नाही.

आम्ही अंधारात उभे. बाहेरून पावलांचा आवाज जवळ यायला लागला. हमीदभाई तोंडातल्या तोंडात दुवा म्हणत होते. गच्चीवरून पुन्हा दिगूचा आवाज आला, पण आता बारीक, ओशाळलेला.

"चाचा... जवळ घेऊन बघितलं. ऊस हाय."

"क्या है?"

"ऊस. खांद्यावर ऊस घेऊन माणसं यायलीत. बाजारात विकायला."

मी शटर वीतभर वर करून बघितलं. दहा-बारा खेडूत माणसं, खांद्यावर उसाच्या मोळ्या, रिकाम्या रस्त्याच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळी परभणी बंद. त्यांच्यातला एक हळूच म्हणाला, "गड्यांनो, इथं काईतरी लय मोठं झालंय!"

आणि ऊस तिथंच टाकून सगळे जे पळाले ते आल्या वाटेनं!

*

पण दर वेळी ऊस नसायचा.

एका मोर्चाच्या दिवशी खरंच दगड आले, एका बसची काच फुटली. दिगू तेव्हाही गच्चीवर होता, आणि त्यानं झूम करून बटण दाबलं होतं. फोटोत लांबवर कॉलेजची तीन पोरं दिसत होती, एकाचा हात वर. काळा-पांढरा रोल होता म्हणून आम्ही तो घरच्या घरीच धुतला होता. दिगूनं उत्साहात चार जणांना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फौजदार दारात!

त्या पोरांतला एक मला माहीत होता. शेतमजुराचा मुलगा, घरातला पहिलाच कॉलेजात गेलेला. दगड त्यानं मारला की नाही, ते मला आजही माहीत नाही. हात तर घोषणेलाही वर होतो. पण एकदा नाव लिहिलं गेलं असतं, की कॉलेज संपलं होतं त्याचं.

फौजदारानं फोटो हातात घेतला. "चेहरे बारीक आहेत. झूम करा."

दिगू म्हणाला, "साहेब, झूम काढतानाच करायचा असतो. आता कसा होईल?"

"मला शिकवू नका. मोठा करा! भिंतीएवढा करा!"

हमीदभाई शांतपणे उठले. "करतो ना साहेब. बसा. चाय पिओ." आणि डार्करूममध्ये गेले. बराच वेळ आत पाण्याचा आवाज येत राहिला. मी काउंटरवरची धूळ पुसत होतो. पुसलेली जागाच पुन्हा पुन्हा पुसत होतो. दिगूचा चेहरा उतरला होता. आपण काय करून बसलो ते त्याला आता कळायला लागलं होतं.

हमीदभाई ओला कागद चिमट्यात धरून बाहेर आले. हातभर मोठा फोटो. त्यात काय दिसत होतं? करडे ठिपके! डोळ्यांच्या जागी ठिपके, नाकाच्या जागी ठिपके.

"हा कोण?" फौजदारानं विचारलं.

सोबतचा हवालदार पुढं झाला. त्यानं फोटो तिरपा करून बघितला, लांब धरून बघितला. शेवटी म्हणाला, "साहेब, राग मानू नका. पण मला तर तुमीच दिसायलात!"

फौजदार फोटो टाकून गेला. शटर ओढून घेतल्यावर दिगू हमीदभाईंकडं वळला. "चाचा, ठिपके येतात ते मला बी ठाव हाय. पण एवढे? फोकस हलवला का तुमी?"

हमीदभाई चष्मा पुसत होते. "उमर हो गई रे बाबा," ते म्हणाले. "आजकाल कभी लगता है, कभी नहीं लगता."

*

आता हा शेवटचा.

माझे वडील, अण्णा, आणि दिगूचे वडील, सोपानकाका, तरुणपणी सोबतच असायचे. दोघांच्या बैलगाड्या एकामागं एक कापूस घेऊन परभणीला यायच्या. अण्णा गाणं म्हणायचे आणि मागच्या गाडीतून सोपानकाका सूर ओढायचे, असं आई सांगायची.

मग पहिल्यांदा नामांतराचा भडका उडाला, तेव्हा आमच्या वस्तीतली घरं जळाली. आमचंही जळालं. आग लावणारे दुसरेच होते. सोपानकाका त्यांच्यात नव्हते. पण ते घरातून बाहेरही आले नाहीत. दार लावून आत बसून राहिले. अण्णांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. त्यांनी नुसतं बोलणंच सोडलं. इतकी वर्षं दोघं एकाच रस्त्यानं शेताला जायचे, एकमेकांना बघून बैलांशी बोलायचे.

शेवटी संक्रांतीला विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत ही गर्दी! गुलाल, पेढे, हलगी. मी कासव घेऊन गावी गेलो होतो. अण्णा पांढरे कपडे घालून वेशीजवळ उभे राहिले. म्हणाले, "माझा एक काढ."

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि थबकलो. अण्णांच्या मागं, रस्त्याच्या पलीकडं, लिंबाखाली सोपानकाका उभे होते. एकटेच. मिरवणूक बघत होते की आणखी काय, कळत नव्हतं. मी बटण दाबलं. झूंऽऽ. अण्णा मोठे झाले, सोपानकाका चौकटीबाहेर गेले.

"काय करायलास?" अण्णांनी विचारलं.

"जवळ घेतोय तुम्हाला."

"मागं कोन हाय?"

मला खोटं बोलता आलं नाही. "सोपानकाका."

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. टोपी नीट केली. हलगी वाजतच होती. मग म्हणाले, "येऊ दे."

मी नळी पुन्हा आत घेतली. फोटो काढला. एका कडेला अण्णा, दुसऱ्या कडेला लांबवर सोपानकाका, मधे रिकामा रस्ता.

महिन्याभरानं सोपानकाका बाजाराच्या दिवशी स्टुडिओत आले. दिगू बाहेर कामावर गेला होता. त्यांनी खुर्ची घेतली नाही. "दिगा म्हनला, माझा एक फोटो हाय तुझ्याकडं."

मी काढून दिला. त्यांनी तो हातात घेतला, उजेडाला नेला, परत आणला.

"कापता येतो का ह्यो?"

मी म्हणालो, "येतो."

"काप मग. मधून."

मी कात्री घेतली. फोटो कापला. बरोबर रस्त्यावरून. त्यांचा अर्धा भाग पाकिटात घालून त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी ते पाकीट बाजूला सारलं. काउंटरवर राहिलेला अण्णांचा अर्धा उचलला, बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि चालायला लागले.

"काका!" मी हाक मारली. "तुमचा राहिला!"

ते पायरीवर थांबले, पण वळले नाहीत.

"माझं थोबाड मला ठाव हाय," ते म्हणाले, आणि गर्दीत मिसळले.